कापलेल्या छताची उस्तवार

दोन वर्षांपूर्वी, ऐन वैशाखात, आमच्या धुळ्याच्या गॅरेजात ट्रकवर चढवून एक ॲम्बेसेडर आली. मार्क टू, १९६८ सालची. वरातीला भाड्याने द्यायची म्हणून आधीच्या मालकाने तिचं छत चार इंच खाली घेतलं होतं. लांबून गाडी झोकात दिसायची. जवळ गेलं की पुढच्या काचेच्या जागी ॲक्रिलिकचा तुकडा, मागचं डावं दार सुतळीने बांधलेलं आणि खांबांवर बोटभर लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी. आमचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी खांबावर बोटाचं पेर टकटक वाजवलं आणि म्हणाले, "भो, हाई बठ्ठी लांबीच शे. पत्रा कोठे शे?"

त्या गाडीवर आम्ही काय केलं, कोणत्या क्रमाने केलं आणि कुठे चुकलो, ते इथे सांगतो. फियाट असो, पद्मिनी असो की एखादी जुनी विलायती गाडी, रीत तीच.

मुळात बिघडतं कुठे

खांब मधून कापायचे, तुकडा काढून टाकायचा आणि छत खाली बसवायचं, याला रूफ चॉप म्हणतात. अमेरिकेत १९३०च्या दशकात कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर पोरं गाड्या पळवायची. वारा कमी अडावा म्हणून छत उतरवण्याची कल्पना तिथे रुजली. पुढे १९४९ ते ५१च्या मर्क्युरी गाड्यांवर तिची फॅशन झाली. ते कारागीर सांध्यांवर शिसं-कथलाचा मुलामा देत. आपल्याकडे भांड्याला कल्हई करतात तसंच ते काम: आधी पत्रा लख्ख, मग कथील, मग वरचा थर. लांबीचा डबा उघडून थापण्याइतकं ते सोपं नव्हतं.

खांब सरळ उभे असते तर चॉप हे सुताराचं काम झालं असतं. पण पुढचा खांब मागे झुकलेला असतो, मागचा पुढे, आणि दोन्ही बाजूंचे थोडे आत. समजा पुढचा खांब दर इंच उंचीला अर्धा इंच मागे जातो. चार इंचांचा तुकडा काढून छत सरळ खाली आणलं, तर वरचा खांब खालच्या खुंटापेक्षा दोन इंच मागे राहतो. मागच्या बाजूला असंच उलट होतं. म्हणजे छत लांबीला आखूड पडतं आणि रुंदीलाही. हा हिशोब ज्याने कागदावर केला नाही, तो शेवटी काय करतो? खुंट जॅक लावून आत दाबतो, साखळीने ओढतो, कसेबसे टोकाला टोक भिडवतो आणि उरलेल्या फटीत लांबी भरतो. खुंट हलला की दाराची चौकट हलली, आणि चौकट हलली की बिजागरी ते लॉक सगळं गेलं. आमच्या गाडीत नेमकं हेच झालं होतं.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. छताची उंची काच ठरवते. पत्रा वाकतो, ताणता येतो, जोडता येतो; काच ऐकत नाही. पुढची काच बसत नाही तोवर वेल्डिंगचा एकही पक्का टाका मारायचा नाही.

खालीच ठेवायचं की परत वर न्यायचं

गिऱ्हाईक तरुण होता, अमळनेरकडचा. त्याला चॉप तसाच ठेवून 'फक्त नीट' करून हवा होता. मी त्याला आधी कागदपत्रं आणायला सांगितली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते: नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण त्यात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. कापलेलं छत घेऊन आरटीओत गेलात तर अर्ज तिथेच अडणार.

माझं मत स्पष्ट आहे. ॲम्बेसेडर आणि फियाट दोन्ही मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नाही. बॉडीच गाडीचा सांगाडा. तिथे छत हा शोभेचा भाग नसून भार पेलणारा भाग आहे. अशी गाडी रस्त्यावर न्यायची असेल तर छत मूळ उंचीवर न्या. गाडी फक्त प्रदर्शनात उभी राहणार असेल तर चॉप ठेवून दुरुस्त करा, पण ते काम दुपटीने अवघड आहे. आमच्या गिऱ्हाइकाला दोन दिवस लागले, पण पटलं.

वर न्यायचं तर दुसऱ्या गाडीचं छत लागतं. आग्रा रोडच्या कडेला भंगारवाल्यांकडे फिरलात तर इंजिन गेलेली पण माथा धड असलेली ॲम्बेसेडर अजून मिळते. भंगारवाला गॅसने कापून द्यायला तयार असतो. त्याला हात लावू देऊ नका. स्वतः ग्राइंडर घेऊन जा आणि खांब खिडकीच्या खालच्या पट्टीच्याही खालून कापून आणा. जादा आलेला पत्रा घरी छाटता येतो. कमी पडला तर आणखी एक जोड वाढतो.

लांबी खरवडा, मग मापं घ्या

आधी सगळी लांबी काढायची. पॉलिस्टर लांबी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर आज ना उद्या ती तडकतेच, आणि तिच्याखाली काय दडलंय ते काढल्याशिवाय कळत नाही. चुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा खोल आहे किंवा नाहीच. ग्राइंडरने लांबी उडवू नका, सगळं गॅरेज पांढरं होतं. हीटगनने मऊ करून पत्रीने सोलून काढा. साठच्या दशकातल्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा मास्क लावा आणि घासायचं ते पाणी मारून.

आमच्या गाडीत लांबीखाली निघालं ते असं: उजव्या पुढच्या खांबात सांधा टोकाला टोक न लावता एकावर एक चढवलेला, डाव्यात आठ मिलिमीटरची सळई घालून वर वेल्डिंगचे ढेकूळ, मागच्या रुंद खांबांत जीआय पत्र्याचे ठिगळ. जस्त लावलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि टाकाही सच्छिद्र येतो. ते ठिगळ पूर्ण कापून काढावं लागलं.

मापासाठी महागडं काही लागत नाही. गवंड्याची पाणीनळी, ओळंबा, लाइनदोरी, गुण्या आणि पोलादी टेप. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवा आणि पाणीनळीने चारही उंबरे एका पातळीत आणा. आपल्याकडे काळ्या मातीवर ओतलेली फरशी पावसात फुगते, उन्हात बसते, हे विसरू नका. आमची पातळी आठ दिवसांत तीन मिलिमीटर सरकली होती. तेव्हा दर सोमवारी पातळी पुन्हा पाहायची.

दाराच्या प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. पुढच्या आणि मागच्या काचेच्या चौकटीचेही. आणि मग एक काम जरूर करा, जे आधीच्या मिस्त्रीने केलं नाही: ओळखीत कुणाकडे धड ॲम्बेसेडर असेल तर तिच्याकडे जा आणि तीच मापं तिथे घ्या. आम्हाला पारोळ्याला एका निवृत्त मास्तरांकडे मिळाली. मास्तरांनी चहा पाजला, टेप धरला आणि प्रत्येक आकडा वहीत दोनदा लिहून घ्यायला लावला. आमच्या गाडीची पुढची चौकट त्यांच्यापेक्षा अकरा मिलिमीटर अरुंद निघाली. तिथेच कळलं की खुंट आत दाबलेत.

मापं सकाळी घ्या. पोलाद एका मीटरला एका अंशामागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. उन्हातलं छत आणि पहाटेचं छत यांत चाळीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे दीड मीटरच्या छतात पाऊण मिलिमीटर. सकाळचं माप आणि दुपारचं माप एका वहीत मिसळलं तर चूक कुठली, हे शेवटपर्यंत सापडत नाही.

आधी बांधा, मग कापा

पेट्रोलची टाकी उतरवा, बॅटरी काढा, छताचं कापड, सीटा आणि वायरिंग बाहेर. उरलेल्या काचा काढा. ग्राइंडरची ठिणगी काचेवर पडली की तिथे कायमचा बारीक खड्डा पडतो. ओलं गोणपाट आणि वाळूची बादली हाताशी ठेवा. वैशाखातली झळई सुरू असेल तर गॅरेजचं दार लावूनच वेल्डिंग करा. वाऱ्याने टाक्याला हवेपासून जपणारा को-टूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, गॅस उडून जातो आणि टाका फेसाळतो.

आता सांगाडा बांधायचा. एक इंची चौकोनी पाइप घ्या. उंबऱ्यापासून खिडकीच्या पट्टीपर्यंत, डाव्या खांबापासून उजव्यापर्यंत, आणि प्रत्येक दाराच्या चौकटीत एक तिरपा. पाइप बाहेरच्या पत्र्याला न जोडता आतल्या जाड भागाला टाके मारून जोडा. दारं गाडीवरच राहू द्या, लॉक लावलेली. पुष्कळ जण दारं काढून काम सोपं करायला जातात आणि शेवटी दारं बसवताना कपाळाला हात लावतात.

बांधायच्या आधी दाबलेले खुंट जागेवर आणायचे असतात. आम्ही पहिल्यांदा उलट केलं: आधी बांधलं, मग खुंट ढकलायला गेलो आणि पाइपच वाकला. दोन दिवस वाया. खुंट ढकलताना छोटा हायड्रॉलिक जॅक लाकडी ठोकळ्यावर टेकवा, मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ढकला, कारण सोडल्यावर पत्रा परत येतो. कर्ण जुळले की मगच पाइप जोडा.

कापताना जुना सांधा पूर्ण निघेल असं कापा. जळलेल्या, सच्छिद्र पत्र्यावर नवा टाका टिकत नाही. आतला थर आणि बाहेरचा थर एकाच रेषेत कापू नका. दोन सांध्यांत किमान दोन इंचांचं अंतर हवं. बिजागरी आणि लॉकच्या जवळ सांधा नकोच. मागच्या रुंद खांबात सांधा सपाट मधल्या भागात घेण्याचा मोह होतो, कारण तिथे हात सहज पोचतो. तो टाळा. वळणाजवळचा पत्रा ताठ असतो, तापल्यावर कमी वळतो. पन्हाळ, म्हणजे दारावरचं गटर, छताला स्पॉट वेल्डने जोडलेलं असतं. तिथे आठच्या ड्रिलने एकेक ठिपका सोडवा, छिन्नी मारू नका.

काच बसवून पाहा

नवीन छत वर ठेवायचं ते ग्रिप पक्कडीने धरून. एकही टाका नाही. मग खरी काच, रबर लावून, चौकटीत बसवायची. काच महागाची असेल आणि भीती वाटत असेल तर तिच्यावरून कापलेला प्लायवूडचा साचा वापरा, पण शेवटची खात्री काचेनेच. रबर सगळीकडून सारखं दबलं पाहिजे. एका कोपऱ्यात घट्ट आणि समोरच्या कोपऱ्यात सैल असेल तर चौकट पिळलेली आहे. ती रबराने लपते, पण पहिल्या खड्ड्यात काच तडकते.

चॉप ठेवणाऱ्यांसाठी इथे एक सूचना. टफन काच कापता येत नाही. चाकू लावला की तांदळासारखे दाणे होतात. लॅमिनेटेड काच कापता येते, दोन्ही बाजूंनी ओरखडून आणि मधली फिल्म सोडवून, पण वळणदार काचेत चार प्रयत्नांत एखादा यशस्वी होतो असं समजूनच पैसे बाजूला ठेवा. पुढची काच लॅमिनेटेडच घ्या, ॲक्रिलिक नको. बाजूच्या काचा जुन्या गाड्यांत सपाट असतात, त्या मापाने करून मिळतात. आखूड पडलेल्या छताला मधोमध आडवं कापून पट्टी घालावी लागते. पट्टीची रुंदी पुढची तूट अधिक मागची तूट, आणि तो हिशोब वर सांगितला तसा. खांब जास्त झुकवून पट्टी टाळणं शक्य असतं, पण मग पुढच्या दारातली तिकोनी काच बसत नाही.

काच बसली, आता चारही दारं उघडून-लावून पाहा. दाराची फट सगळीकडे चार-पाच मिलिमीटर आली की छताचे खांब आणि खुंट यांवर आरपार रेघ मारा, छत उतरवा, रेघेवर कापा. कटिंग व्हीलच्या जाडीइतकी, साधारण एक मिलिमीटर, फट सांध्यात राहू द्या. टोकाला टोक घट्ट भिडवलं तर तापल्यावर पत्र्याला फुगायला जागा उरत नाही.

टाका, थांबा, ठोका

खांबांपासून सुरुवात करायची. आत सोळा गेजच्या पत्र्याची वाकवलेली बाही घाला, दोन्हीकडे दीड-दीड इंच जाईल अशी, आणि तिला छिद्रांतून टाके मारा. आधी दोन्ही पुढचे खांब, मग काच पुन्हा. नंतर मागचे दोन्ही, मग मागची काच. मधले खांब सगळ्यात शेवटी, दारं लावलेली असताना. एका बाजूचं पूर्ण करून दुसरीकडे जाऊ नका. डावा-उजवा, डावा-उजवा असंच चालायचं.

खांब जाड असतात, माफ करतात. मागच्या खांबाचा बाहेरचा पत्रा माफ करत नाही. तो वीस गेजच्या आसपास, म्हणजे जेमतेम ०.९ मिलिमीटर. टाक्याभोवतीचा पत्रा तापला की फुगायला बघतो, पण बाजूचा थंड पत्रा त्याला धरून ठेवतो. मग तो जागेवरच जाड होतो, आणि थंड होताना आखडतो. म्हणून सांध्याच्या बाजूने खोलगट पन्हळ पडते. नवखा ती लांबीने भरतो. मिस्त्री ती ठोकून काढतो.

को-टू मशीनला ०.८ची तार लावा. एक टाका, मग तळहात भरून अंतर सोडून दुसरा. पूर्ण सांध्यावर दर इंचाला टाका आला की थांबा. टाक्याशेजारी तळहात ठेवून पाहा. चटका बसत असेल तर पुढचा टाका नाही. पाणी ओतून थंड करू नका. मग प्रत्येक टाका वरून घासून पत्र्याच्या पातळीत आणा, खाली डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरा आणि टाक्यावरच हलकी हातोडी मारा. डॉली आणि हातोडी यांच्या मध्ये पत्रा चेपला की तो पसरतो आणि आखडलेलं परत मिळतं. टाक्याच्या बाजूला मारू नका. आखडलंय ते टाक्यावर आणि त्याच्या काठाला. मग मधल्या जागेत पुढचे टाके. आम्हाला मागच्या दोन खांबांना पाच दिवस लागले, आणि गिऱ्हाईक रोज फोन करायचा.

आर्गनचं मशीन असेल आणि हात बसलेला असेल तर बाहेरचा पत्रा त्यानेच जोडा. त्याचा टाका मऊ असतो, ठोकायला सोपा. को-टूचा टाका कडक, हातोडीला दाद देत नाही. जुने लोक गॅसने जोडत, तोही टाका मऊच यायचा, पण आच रुंद पसरते आणि पत्रा लांबवर नाचतो. आबांना ते जमतं. मला नाही.

एकावर एक चढवलेला सांधा बाहेरच्या पत्र्यावर कधीच नको. दोन थरांत पाणी शिरतं, गंज आतून खातो. आणि आपल्या ४४-४५ अंशांत दुहेरी पत्रा एकेरीपेक्षा वेगळा तापतो, रंगावर रेघ उमटते. सावलीत गाडी आरशासारखी, आणि दुपारी बारा वाजता सांधा बोटाने दाखवता येतो.

रंगाआधी

कानस आडवी फिरवा. उंचवटे चमकतात, खोलगट जागा काळ्या राहतात. काळ्या जागा आतून उचला. सगळं झाल्यावर एक मिलिमीटरची लांबी चालते, कुणी साधू नाही. पण आधी इपॉक्सी प्रायमर, मग लांबी, असा क्रम ठेवला तर ओल पत्र्यापर्यंत पोचत नाही. खांबांच्या आत मेणाचा स्प्रे मारा, छिद्रांतून, दोनदा. पन्हाळीच्या सांध्याला सीलर.

रंगासाठी आमच्याकडे दोन काळ बरे: पावसाळा संपल्यावरचा आणि थंडीचा. मे महिन्यात थिनर हवेतच उडतो, रंग पोचेपर्यंत अर्धा वाळलेला असतो आणि पत्र्यावर वाळूसारखा खरखरीत बसतो. करायचंच असेल तर सावकाश वाळणारा थिनर घ्या आणि पहाटे करा. पावसात रंगावर दुधाळ झाक येते. आणि जिनिंगच्या जवळ गॅरेज असेल तर कापसाच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू तरंगतात. आमचं बॉनेट एकदा त्यापायी दोनदा घासावं लागलं.

काचा बसवण्याआधी पाण्याची परीक्षा. आत एक जण टॉर्च घेऊन बसेल, बाहेरचा पाइपने खालून वर, हळूहळू, पंधरा मिनिटं पाणी मारेल. वरून सुरू केलंत तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. काचा बसवल्यावर तीच परीक्षा पुन्हा.

आतले पाइप शेवटी कापायचे, एकेक करून, प्रत्येकानंतर दारं लावून पाहत. आमच्या गाडीत शेवटचा पाइप कापल्यावर मागचं डावं दार दोन मिलिमीटर खाली बसलं. बिजागरीखाली पातळ पत्री घालून ते सुधारलं. मग गाडी पाचशे किलोमीटर चालवून परत आणायला सांगितली. आली तेव्हा आबांनी चारही दारं एकेक करून नुसत्या बोटाने ढकलली, पुढच्या काचेच्या रबरावरून नख फिरवलं, आणि डाव्या पुढच्या खांबाच्या तळाशी केसाएवढी रंगाची चीर दाखवली. तिथला आतला एक टाका राहून गेला होता. दुपारी रंग खरवडून तो मारला.